परस्पर वाटलेली दया

प्रायश्चित्तकाळातल्या प्रवचनांत दयेचा विषय निघतोच. तो निघाला की सांगण्यासारखी एक हकिगत आपल्याच देशातली आहे. सिस्टर राणी मारिया मूळच्या केरळच्या. मध्य प्रदेशातल्या उदयनगर भागात त्या आदिवासींना बँकेचं कर्ज मिळवून देत, सावकाराच्या पाशातून सोडवत. ते ज्यांना खुपलं त्यांनी समुंदर सिंग नावाच्या माणसाला पुढे केलं. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी बसच्या प्रवासात, उतारूंच्या देखत, त्याने त्यांना भोसकून मारलं. कोणी मध्ये पडलं नाही. २००२ मध्ये राणी मारियांची धाकटी बहीण सेल्मी पॉल, तीही धर्मभगिनीच, तुरुंगात गेली आणि तिने त्याला राखी बांधली. कुटुंबाने त्याच्या सुटकेसाठी खटपट केली. २००६ मध्ये तो सुटला आणि पुढे केरळला जाऊन राणी मारियांच्या आईच्या पाया पडला. २०१७ मध्ये इंदूरला राणी मारियांना धन्यवादित घोषित केलं गेलं, तेव्हाही तो तिथे होता.

ऐकणाऱ्याचे डोळे पाणावतात, आणि नेमक्या दोन गोष्टी नजरेतून निसटतात. राखी बांधली गेली तेव्हा खटला चालून शिक्षा झालेली होती आणि गुन्हेगार ती भोगत होता. कायद्याचं तोंड दाबून ही दया आलेली नव्हती. दुसरं म्हणजे, क्षमा केली ती जिची बहीण गेली तिने, जिची लेक गेली त्या आईने. बिशपांनी परिपत्रक काढून त्यांना ती करायला लावली नव्हती. सात वर्षं त्यांना कोणी घाईही केली नाही. (केली असती तर राखीऐवजी एखादा गुळमुळीत फोटो हाती आला असता.)

ख्रिस्ती माणसाच्या वाटचालीत दयेला बगल देता येत नाही, हे खरंच. मत्तयाच्या अठराव्या अध्यायातल्या चाकराला दहा हजार तालंतांची सूट मिळते आणि बाहेर पडताच तो शंभर दिनारांसाठी सोबत्याची नरडी धरतो. पण त्या दाखल्यातला राजा स्वतःचं येणं सोडतो. दुसऱ्याचं येणं परस्पर माफ करण्याचा अधिकार त्यात कोणालाच दिलेला नाही.

आमच्या संस्थांमध्ये मात्र नेमकं तेच चालतं. मुलावर अत्याचार झाल्याची तक्रार घेऊन पालक आले की त्यांना आधी क्षमेचं प्रवचन मिळतं. ‘ख्रिस्तसभेची बदनामी’ हा शब्दप्रयोग पाठोपाठ येतो, आणि आरोपीची बदली दुसऱ्या धर्मग्रामात होते. जगभरच्या चौकश्यांतून हाच क्रम पुढे आलेला आहे. इथे दया दाखवतो तो अधिकारी आणि तिची किंमत मोजतं ते मूल. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने असा गुन्हा कळूनही पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा ठरवला आहे. धर्मगुरूंना त्यातून सूट नाही. तेव्हा अशी तक्रार आली की पालकांना बायबल उघडून दाखवण्याआधी धर्मगुरूंनी त्यांच्याबरोबर ठाण्यात जावं. क्षमा करायची की नाही, केव्हा करायची, हे त्या घरातल्यांनी ठरवावं. त्यांनी कधीच केली नाही, तरी त्यांच्या श्रद्धेचं माप काढायला कोणी बसू नये.