घर आवरले की मनही आवरते



या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी बाईंनी 'आपले घर, आपले मन' हा विषय दिला. बऱ्याच मुलांनी घराचे चित्र काढले. मी माझे मत लिहायचे ठरवले. माझे मत असे आहे की घरातला पसारा आवरला की मनाला बरे वाटते. पण आवरायचे काम एकट्या आईचे नाही. आणि दुसऱ्याची वस्तू त्याला विचारल्याशिवाय टाकायची नाही. हे मत मी पुस्तकातून उतरवलेले नाही. आमच्या घरात जे घडले त्यावरून माझे असे मत झाले.

आमचे घर दोन खोल्यांचे आहे. आजी, आई, अण्णा, ताई आणि मी अशी पाच माणसे. मागच्या वर्षापर्यंत पुढच्या खोलीत खताची रिकामी पोती, ठिबकच्या तुटक्या नळ्या, एक चाक नसलेली सायकल आणि ताईची पहिलीपासूनची वह्यापुस्तके होती. दांडीवर इतके कपडे की दांडी वाकली होती. माळ्यावर काय काय आहे ते कुणालाच ठाऊक नव्हते. काही टाकायचे म्हटले की कुणीतरी म्हणायचे, "असू दे, लागंल कधीतरी."

मागच्या वर्षी पीक विम्याचा अर्ज भरायचा शेवटचा दिवस होता. अण्णांना बँकेचे पासबुक सापडेना. अण्णा आईवर ओरडले. आई ताईवर ओरडली. ताई माझ्यावर ओरडली. मी कुणावर ओरडणार? मी जाऊन शेळीला ढकलून दिले. त्या रात्री भाकरी झाली, पण कुणी पोटभर जेवले नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात मला सतराचा पाढा आठवेना. तो मला एरवी पाठ आहे. पासबुक दोन दिवसांनी पोत्यांच्या खाली एका पिशवीत सापडले. तोवर मुदत संपली होती. अण्णा ओट्यावर डोक्याला हात लावून बसले. पासबुक घरातच होते, पण घरच सापडण्यासारखे नव्हते.

पुढे एकदा परिपाठाच्या वेळी बाईंनी एक माहिती सांगितली. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरात ३० जोडप्यांच्या घरांचा अभ्यास झाला. तो २०१० साली छापून आला. नवरा-बायकोने आपापले घर दाखवत त्याचे वर्णन करायचे होते. ज्या बायकांनी पसारा, अर्धवट राहिलेली कामे असे जास्त सांगितले, त्यांचे मन दिवस जाईल तसे जास्त उदास होत होते. आपल्या शरीरात कॉर्टिसॉल नावाचा एक रस असतो. ताण आला की तो वाढतो. एरवी तो सकाळी जास्त असतो आणि रात्रीपर्यंत उतरत जातो. त्या बायकांचा तो पाहिजे तसा उतरत नव्हता. नवऱ्यांमध्ये मात्र तसे दिसले नाही. बाईंनी हेही सांगितले की एवढ्यावरून पसाऱ्यामुळेच असे झाले असे ठामपणे म्हणता येत नाही. उदास माणसाला आवरायचे बळ नसते, असेही असू शकते.

मी विचारले, "बाई, मग नवऱ्यांना काहीच का झालं नाही?" सगळा वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "घरी जाऊन बघ आणि मला सांग."

मी रविवारी बघितले. वहीवर रेघा मारत गेलो. दुसऱ्याने टाकलेली वस्तू उचलायला आई दिवसभरात ३४ वेळा वाकली. ताई ९ वेळा. अण्णा १ वेळा. माझ्या नावापुढे एकही रेघ नव्हती. त्या ३४ मधल्या बऱ्याच वस्तू माझ्याच होत्या. मला फार लाज वाटली. माझ्या मते पसारा सगळ्यांचा असतो, पण तो एकीलाच दिसतो, म्हणून ताणही तिलाच येतो.

मग घट बसायच्या आधी आम्ही सगळ्यांनी मिळून घर काढले. आमच्याकडे त्या वेळी घर सारवतात आणि गोधड्या ओढ्यावर नेऊन धुतात. आईने तीन ढीग करायला सांगितले. एक लागणाऱ्या वस्तूंचा, एक दुसऱ्याला देण्यासारख्या वस्तूंचा आणि एक भंगाराचा. पोती उचलली तर खाली विंचू निघाला. आम्ही रोज तिथून दोन हातांवर झोपत होतो! फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्याही निघाल्या. त्यात कुणी तेल किंवा पाणी भरू नये म्हणून अण्णांनी त्यांना भोके पाडली आणि घराबाहेर काढल्या.

आता मी माझी चूक सांगतो. माळ्यावर आजोबांचा रेडिओ होता. आजोबा दोन वर्षांपूर्वी वारले. रेडिओ त्याच्याही आधीपासून बंद होता. भंगारवाला दारात आला तेव्हा मी तो कुणाला न विचारता देऊन टाकला. त्याचे ३० रुपये आले. मला वाटले, मी केवढे मोठे काम केले. संध्याकाळी आजी शिडीपाशी आली आणि म्हणाली, "बाळा, त्यो रेडू जरा खाली दे, पुसून ठिवते." सणाच्या आधी ती दर वेळी तो पदराने पुसायची. हे मी पाहिले होते. तरी मी तो दिला होता.

आजी ओरडली नाही. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. अण्णा भंगारवाल्याकडे जाऊन आले, पण माल पुढे गेला होता. तिसऱ्या दिवशी आजी एवढेच म्हणाली, "गेलं ते गेलं. पण इचारायचं व्हतं." घर स्वच्छ झाले होते आणि माझे मन मात्र घाण झाल्यासारखे वाटत होते.

नंतर आजीने आपली पेटी स्वतःच उघडली. त्यातली दोन लुगडी आणि आजोबांची धोतरे काढून तिने आणि आईने एक गोधडी शिवली. ती ती मला पांघरायला देते. पेटी निम्मी रिकामी झाली, पण आजोबा काही घराबाहेर गेले नाहीत. यावरून मला कळले की ज्याची वस्तू आहे त्यानेच ती सोडायची असते. दुसऱ्याने हिसकावली तर ते आवरणे होत नाही.

काही जण म्हणतील, आमच्या गरिबाच्या घरात आवरायला आहे काय? मी म्हणतो, आवरायला कपाट विकत आणावे लागत नाही. आम्ही गोडेतेलाचा एक रिकामा डबा धुऊन वाळवला. आता पासबुक, रेशनकार्ड, सातबारा आणि लाइटबिल सगळे त्यात असते. यंदा विम्याचा अर्ज अण्णांनी मुदतीच्या आठ दिवस आधी भरला. त्या दिवशी घरात कुणीच कुणावर ओरडले नाही. शेळीसुद्धा सुखी राहिली.

काही मुले मला हसतात. पोरगा असून झाडतो, म्हणतात. त्यांना मी संत गाडगेबाबांचे नाव सांगतो. त्यांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यात झाला. ते हातात खराटा घेऊन गावोगाव फिरले. दिवसा रस्ता झाडायचे आणि रात्री कीर्तनातून लोकांना शहाणे करायचे. त्यांच्या नावाने आपल्या राज्यात २००० साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. ते पुरुषच होते ना? मग आपल्या हाताला काय झाले?

पण एक गोष्ट खरी आहे. नुसते घर आवरून सगळी दुःखे जात नाहीत. कुणाच्या घरात पसारा दिसला म्हणून त्याला आळशी म्हणू नका. तो शेतात राबून दमलेला असेल, नाहीतर मनातून खचलेला असेल. आजोबा गेले तेव्हा आजीने महिनाभर चुलीपुढची राखसुद्धा भरली नव्हती. अशा माणसाला रागावायचे नाही, त्याच्याजवळ बसायचे आणि त्याचे थोडे काम आपण करायचे. खूप दिवस झोप येत नसेल, जेवण जात नसेल, तर सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना दाखवावे. बाईंनी सांगितले की शासनाचा १४४१६ हा मोफत फोन नंबर आहे. तो २०२२ साली सुरू झाला. त्यावर मराठीतही बोलता येते. पालकांनी तो लिहून घ्यावा.

बालमित्रांनो, मी आता तीन नियम पाळतो. शाळेतून आलो की दप्तर खुंटीला लावतो. झोपण्याआधी माझ्या पाच वस्तू जागेवर ठेवतो. आणि दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्याआधी विचारतो. तिसरा नियम मला आजीने न रागावता शिकवला.

'हात फिरे तेथे लक्ष्मी शिरे' अशी म्हण आहे. आमच्या घरी अजून लक्ष्मी फार आलेली नाही. पण मागच्या रविवारी मी पुन्हा रेघा मारल्या. आई ११ वेळा वाकली. दुपारी ती आजीजवळ बसून चहा पीत होती आणि दोघी कशावरून तरी हसत होत्या. मला तेवढे पुष्कळ वाटले.

तुम्हीही एका रविवारी वही घेऊन बसा आणि रेघा मोजा. आपल्या नावापुढे किती येतात ते बघा. एवढे सांगून मी माझा लेख संपवतो.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थी