वाघ, साग अन् आपली भाकर



"तुमच्यामुळे जंगल संपलं, तुमच्यामुळे वाघ उपाशी." हे बोलणं आपण आज्यापासून ऐकत आलो. साहेब बदलतात, बोलणं तेच. या वेळी हिशोब आपणच मांडू.

जंगलातली सगळी ताकद सूर्यापासून येते. ती पकडता येते फक्त हिरव्या पानाले. पान चितळ खाते, चितळाले वाघ खातो. पण चितळानं खाल्लेलं सगळं अंगी लागत नाही. चालण्या-पळण्यात, अंग गरम ठेवण्यात खर्च होते, काही लेंड्यांत जाते. वरच्या पायरीवर पोचते ती ढोबळमानानं दहातली एक. शंभर पायली चाऱ्यामागं दहा पायली चितळ, दहा पायली चितळामागं एक पायली वाघ. 1942 साली अमेरिकेत लिंडमन नावाच्या शास्त्रज्ञानं एका तळ्यातल्या जिवांचा असाच हिशोब छापला. आपले म्हातारे साध्या शब्दांत तेच सांगत: चारा असंल तर सावज, सावज असंल तर वाघ.

एका वाघाला वर्षाला चितळाएवढी पन्नासेक जनावरं लागतात. कळप न मोडता ती मिळायची तर रानात पाचशे जनावरं पाहिजेत. त्या पाचशेंना चारा किती लागंल?

मग हा चारा गेला कुठं? इंग्रजांच्या काळापासून सरकारी हिशोबात जंगल म्हणजे साग. 1974 साली राज्याचं वन विकास महामंडळ निघालं, अन् मिश्र जंगल तोडून साग लावणं हा धंदाच झाला. सागाच्या पानाले गुरानं तोंड लावलेलं कोणी पाहिलं काय? सागही सूर्याची ताकद पकडतो, पण ती लाकडात बंद होते अन् ट्रकात बसून डेपोत जाते. मोहाचं तसं नाही. त्याचं फूल अस्वल खाते, चितळ खाते, आपणही वेचतो. टोळीचं तेल निघते. पडलेला पाला उधई खाते, अन् पावसाळ्यात तिच्या वारुळावर सात्या उगवतात. एका झाडावर किती पोटं!

2016 ते 2018 मध्ये पांढरकवडा-राळेगाव भागात तेरा माणसांचे जीव वाघाच्या नावावर लागले. 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री बोराटीच्या रानात टी-1 वाघीण गोळीनं मेली. गेलेली माणसं गुरं चारणारी, शेतात राबणारी, आपलीच होती. चौकशी बंदुकीची झाली. रानातल्या चाऱ्याची कधी होणार?

आपलीही चूक कबूल करू. मोहफुलं वेचायले आपण पाला जाळतो. त्यात उधईचं, मातीचं, उद्याच्या गवताचं अन्न जळते. हे थांबवावं लागंल. झाडाखाली झाडू मारा, काडी लावू नका.

2006 च्या वन हक्क कायद्याचं कलम 3(1)(झ) सामूहिक वनसंपत्ती राखण्याचा, वाढवण्याचा हक्क आपल्याला देते. कलम 5 वन्यजीव अन् जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला देते. म्हणून:

१. ज्या गावाचा सामूहिक दावा राहिला असंल, त्यानं येत्या ग्रामसभेत ठराव घ्यावा.
२. आपल्या हद्दीत काय लावायचं ते ग्रामसभा ठरवंल: मोह, चार, तेंदू, आवळा, बांबू, गवत.
३. ग्रामसभेला न विचारता मिश्र जंगल तोडून साग लावू द्यायचा नाही.

वाघाचं ताट अन् आपलं ताट एकाच पानावर वाढलेलं आहे. ते पान राखू!

जंगल राखणार कोण? आम्ही! आम्ही!