उजेडाचा अनुशेष

मरीन ड्राइव्हवरचे पिवळे सोडियम दिवे काढून 2015 मध्ये पांढरे एलईडी बसवले, तेव्हा मुंबईत केवढा गहजब झाला! राणीच्या रत्नहाराची झळाळी गेली म्हणून पक्ष एकमेकांवर तुटून पडले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि अखेर तिथे पिवळसर झाकेचे दिवे परत आले. दिव्यांच्या रंगावरून शहराने भांडावे, यात गैर काही नाही. पण गोवंडी, मानखुर्द, मालवणीच्या बोळांत मुळात दिवा लागतो का, या प्रश्नावर कोणी सभागृह डोक्यावर घेतल्याचे आठवत नाही.

सार्वजनिक रस्त्यांवरची दिवाबत्ती हे 1888 च्या मुंबई महापालिका कायद्याने पालिकेचे बंधनकारक कर्तव्य ठरवले आहे. अडते ते वस्तीच्या तोंडाशी. रेल्वेच्या, केंद्राच्या किंवा खासगी मालकाच्या जमिनीवरची गल्ली पालिकेच्या लेखी रस्ताच नसते. मग खांब कोणी रोवायचा, यावर कागद फिरत राहतात. 2011 च्या जनगणनेत मुंबईची 40 टक्क्यांहून अधिक लोकसंख्या झोपडपट्टीत होती. म्हणजे हा शहराच्या कडेकोपऱ्याचा प्रश्न नव्हे. त्यात शहर भागात बेस्ट, उपनगरांत बव्हंशी अदानी आणि भांडुप-मुलुंडकडे महावितरण अशी वीजपुरवठ्याची वाटणी. बंद दिव्याची तक्रार कुठे करायची हे ज्याला ठाऊक, त्याच्या गल्लीत उजेड लवकर येतो.

दिव्यांचे मानकही वाहन पाहून बेतलेले आहे. ‘आयएस 1944’ या भारतीय मानकानुसार मोठ्या वर्दळीच्या हमरस्त्याला सरासरी 30 लक्स उजेड लागतो, कमी वाहतुकीच्या दुय्यम रस्त्याला 4. ज्या बोळात रिक्षाही शिरत नाही, तिचा हिशेब या आकड्यांत नाही. मोटारीला स्वतःचे दिवे असतात. पहाटे चार वाजता सार्वजनिक शौचालयाकडे निघालेल्या बाईच्या हाती फक्त मोबाइलची बॅटरी असते. अंधारात जावे लागू नये म्हणून संध्याकाळपासून पाणीच न पिणाऱ्या बायका या शहरात आहेत, आणि त्याचे दुखणे त्या वर्षानुवर्षे अंगावर काढतात. न्यूयॉर्कमध्ये 2016 साली चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडलेल्या सरकारी वसाहतींत जादा दिवे लावून पाहिले, तेव्हा रात्री घराबाहेर घडणारे गंभीर गुन्हे सुमारे 36 टक्क्यांनी घटले.

आपल्याकडे वस्तीला उजेड मिळतो तो बहुधा आमदार-खासदार निधीतल्या हायमास्टचा. नाक्यावर तो उपयोगी पडतो. पण बोळ दोन माणसांपुरती, दोन्हीकडे पोटमाळे चढवलेली घरे. उंचावरून येणारा उजेड पत्र्यांवरच थांबतो. खांबालगतच्या घरात मात्र रात्रभर लख्ख, पोरांना झोप नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने 2016 मध्ये रस्त्यांवरचे एलईडी 3000 केल्विन किंवा त्याहून कमी, म्हणजे उबदार झाकेचे असावेत, असे सांगितले ते झोपेच्याही काळजीने. ती काळजी झोपडीलाही लागू आहे.

पैशाचे म्हणाल, तर 2022 मध्ये जाहीर झालेल्या सुमारे 1700 कोटींच्या सुशोभीकरणातून पूल, खांब आणि झाडेसुद्धा रोषणाईने मढवली गेली. झाडांवरच्या माळांचा विषय उच्च न्यायालयात गेला आणि 2024 मध्ये पालिकेनेच त्या उतरवायला सांगितल्या. हा खर्च होत असताना शौचालयाची वाट काळोखातच राहिली, हे आम्हाला संतापजनक वाटते.

प्रत्येक वॉर्डच्या अभियंत्याने रात्री दहानंतर आणि पहाटे, वस्तीतल्या बायकांना सोबत घेऊन, पायी फिरावे. शौचालय, पाण्याचा नळ आणि स्टेशनपासून घरापर्यंतची वाट आधी नोंदवावी; तिथे भिंतीवर ब्रॅकेट ठोकून कमी उंचीचे, खाली तोंड असलेले दिवे लावावेत. रेल्वेच्या आणि केंद्राच्या जमिनींसाठी ना-हरकत राज्य सरकारने एकदाच, सरसकट मिळवावी. प्रत्येक खांबासाठी वेगळी फाइल नको. अंधाऱ्या जागांची यादी वॉर्ड कार्यालयाच्या फलकावर लागावी आणि ती संपेपर्यंत पुलांच्या व चौकांच्या रोषणाईसाठी पालिकेच्या अर्थसंकल्पात एकही नवी तरतूद होऊ नये.