फाटकी नोट कुणाच्या गळ्यात?

दोस्त, फाटक्या नोटेलाही उतरंड बरोबर कळते. ती कधी वर चढत नाही. शेठ ती मजुराच्या पगारात घुसडतो. मजूर दुकानात नेतो, तर दुकानदार तोंडावर फेकतो, ‘चालणार नाही.’ मग अंधार पडल्यावर घडी घालून ती सरकवली जाते भाजीवालीच्या हातात. तिच्या खाली कुणी नाही. तिथं नोट थांबते.

माझी आई फुटपाथवर मेथी-कोथिंबीर विकायची. एका संध्याकाळी पन्नासची नोट आली. घरी उघडून बघते तर एक कोपरा गायब. सकाळी ती बँकेत गेली. काउंटरवरच्या साहेबानं नोट बघितलीच नाही, आईचं लुगडं बघितलं. ‘खातं आहे का इथं? नाही ना? मग चला.’ शेवटी बट्टेवाल्यानं पन्नासचे तीस हातावर टेकवले. वीस रुपये बट्टा! नोटेला नव्हे, तिच्या घामाला.

साहेब खोटं बोलला होता. खातं असो-नसो, कुठल्याही बँकेच्या शाखेनं मळक्या-फाटक्या नोटा घ्यायच्या असतात. रिझर्व बँकेचे नोट परताव्याचे नियम २००९ चे, दुरुस्ती २०१८ ची. पाठच करून टाक. एक ते वीसच्या नोटेचा सगळ्यात मोठा सलग तुकडा निम्म्याहून जास्त असेल, तर पूर्ण पैसे. नाहीतर काही नाही. पन्नास आणि वरच्या नोटेचा तुकडा ८० टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण, ४० ते ८० असेल तर निम्मे, त्याखाली शून्य. आईच्या नोटेचा फक्त कोपरा गेला होता. हे नियम तिच्या हातात असते, तर पन्नासचे पन्नास मिळाले असते.

झोपडपट्टीला आग लागते, डब्यातल्या नोटा करपून एकमेकींना चिकटतात. त्या फेकू नका, सोडवत बसू नका. अशा नोटा थेट रिझर्व बँकेच्या नोटा काढणाऱ्या कचेरीत न्यायच्या. मुंबईत आहे, नागपुरात आहे.

नाण्यांचंही तेच. ठोकून-कापून विद्रूप केलेलं नाणं चालत नाही, खरं. पण दहाचं नाणं ‘बंद झालं’ म्हणून कंडक्टर म्हातारीला उतरवतो, ती शुद्ध थाप. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ ला गेली. दहाचं चालू आहे, सगळ्या छापांचं.

आता एक आपल्याच पोरांना. नोटेवर घोषणा लिहू नका. राजकीय किंवा धार्मिक मजकूर लिहिलेल्या नोटेचा दावा बँक फेटाळते. तू लिहिलंस जोशात, भुर्दंड पडतो शेवटच्या हाताला. घोषणेला भिंत आहे, रस्ता आहे, तुझा गळा आहे.

बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर अख्खा ग्रंथ लिहिला. रुपया घसरला, किमती चढल्या, की मजुरी मागे राहते आणि भार मजुरावर पडतो, हे त्यांनी तेव्हाच दाखवलं. मोठ्या रुपयाचं जे, तेच या फाटक्या नोटेचं. तोटा खाली वाहतो. तो वाहू द्यायचा की अडवायचा, एवढाच सवाल.

म्हणून फाटकी नोट पुढच्याच्या गळ्यात मारू नकोस. तूही कुणाचा तरी शेठ होतोस त्या क्षणी. वस्तीतल्या चार म्हाताऱ्यांना घेऊन बँकेत जा. रांगेत उभा राहा. नाही म्हणाले तर नकार लेखी माग. आधी बँकेकडे तक्रार, तिथं दाद नाही लागली तर रिझर्व बँकेच्या लोकपालाकडे.

नोटेवर वचन छापलंय, धारकाला रुपये अदा करण्याचं. धारक म्हणजे जिच्या हातात नोट आहे ती. तिचं लुगडं कसलं, हे त्या वचनात कुठंही लिहिलेलं नाही.