बाळंतिणीच्या मनाची नोंद कोणत्या रकान्यात?

कोल्हापूरच्या घरांत बाळंतिणीच्या देहाची काळजी घेण्याची रीत आजही बरीचशी टिकून आहे. पहिले बाळंतपण माहेरी, तेलमालिश, शेक-शेगडी, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, डोक्याला गच्च बांधलेला रुमाल, सव्वा महिना बाहेर पाऊल नाही. काय खावे आणि काय टाळावे, याचे नियम घरातील प्रत्येक वडीलधाऱ्या बाईला तोंडपाठ असतात. परंतु 'रात्री बाळ झोपल्यावरही तुला झोप लागते का?' हा प्रश्न या खोलीत क्वचितच विचारला जातो. बाळंतीण रडली तर 'दूध आटेल, रडू नकोस' अशी समजूत घातली जाते. म्हणजे तिच्या रडण्याची चिंताही दुधापुरतीच!

शासकीय आरोग्यव्यवस्थेची दृष्टी याहून फार वेगळी नाही. अर्थात, या व्यवस्थेने जे साधले ते थोडे नव्हे. महाराष्ट्रात २००१-०३ मध्ये एक लाख जिवंत जन्मांमागे १४९ मातांचे मृत्यू होत होते. २०१८-२० मध्ये हे प्रमाण ३३ पर्यंत खाली आले. संस्थात्मक प्रसूती, हिमोग्लोबिनची तपासणी, रक्तदाबाची नोंद, रुग्णवाहिका आणि आशा स्वयंसेविकांच्या गृहभेटी यांचा त्यात वाटा आहे. जे मोजले गेले, ते सुधारले. मनाचे मोजमाप मात्र या यादीत फारसे आलेच नाही.

प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कारण नसताना रडू येणे, चिडचिड होणे ही अवस्था बहुसंख्य स्त्रियांत दिसते आणि दोन आठवड्यांच्या आत आपोआप ओसरते. तो आजार नव्हे. नैराश्य त्यापुढचे असते. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन खिन्न राहते, कशातच रस वाटत नाही, बाळाविषयी ओढ वाटत नाही म्हणून अपराधी वाटते, आपण आई होण्यास नालायक आहोत असा विचार पाठ सोडत नाही. काहींना जीव नकोसा होतो. रक्तक्षय आणि थायरॉईडचे विकार यांची लक्षणेही अशीच भासतात. त्यामुळे रक्ताची तपासणी आवश्यक ठरते. एडिंबरा येथे तयार झालेली आणि १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेली दहा प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. ती भरण्यास पाच-सात मिनिटे पुरतात.

आपल्याकडील परिस्थितीवर सर्वांत स्पष्ट प्रकाश टाकला तो शेजारच्या गोव्यातील अभ्यासाने. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. जिल्हा रुग्णालयात आलेल्या गर्भवतींची प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा पाहणी केली असता २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. त्यांपैकी ७८ टक्के स्त्रिया गरोदरपणातच मानसिकदृष्ट्या त्रस्त होत्या आणि निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनंतरही बऱ्या झालेल्या नव्हत्या. म्हणजे 'बाळंतपणानंतरचे' म्हणून ओळखले जाणारे हे दुखणे बहुतेकींच्या बाबतीत बाळंतपणाच्या आधीच सुरू झालेले असते. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात भारतातील ३८ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यातील प्रमाणही २२ टक्के होते.

गोव्यातील अभ्यासाचा आणखी एक निष्कर्ष कोल्हापूरने विशेष लक्ष देऊन वाचावा असा आहे. दारिद्र्य आणि पतीशी बिघडलेले संबंध ही नैराश्याची मोठी कारणे होतीच; पण मूल मुलगा की मुलगी, यावरही आईचा धोका कमी-अधिक होत होता. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे अवघ्या ८३९ मुली होत्या. त्या वेळी राज्याची सरासरी ९१३ होती. पुढे जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या कारकिर्दीत सोनोग्राफी यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' हे उपकरण जोडण्याचा प्रयोग झाला आणि देशभर गाजला. यंत्रावर पहारा बसला, तो योग्यच होता. परंतु मुलगी जन्मल्यावर ज्या घरात पेढ्यांऐवजी शांतता पसरते, तेथील बाळंतिणीवर लक्ष कोण ठेवणार, हा प्रश्न त्या मोहिमेच्या कक्षेत आलाच नाही.

वेळेचा घोळही मोठा आहे. आशा स्वयंसेविका प्रसूतीनंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येते. ताप आहे का, रक्तस्राव होतो का, ती पाहते. बाळंतीण असंबद्ध बोलते का, हा प्रश्न तिच्या तक्त्यात आहे. ती गप्प गप्प राहते का, हा नाही. योगायोग असा, की घरातील सव्वा महिनाही याच सुमारास संपतो. काही दिवसांनी माहेरचा आधार सुटतो, सासरचे काम अंगावर येते. गोव्यात ज्या आठवड्यांत २३ टक्के माता नैराश्यात आढळल्या, नेमके तेच हे आठवडे. त्यानंतर तिसऱ्या महिन्यापासून आशाच्या भेटी पुन्हा होतात खऱ्या. पण त्या मुख्यतः बाळाच्या वाढीसाठी असतात. गोव्यातील त्याच संशोधकांना नैराश्यग्रस्त मातांच्या सहा महिन्यांच्या बाळांची वाढ मागे पडल्याचेही दिसले होते. ज्या बाळाचे वजन काट्यावर भरत नाही, त्याच्या आईकडे एकदा पाहणे म्हणूनच वैद्यकीयदृष्ट्याही आवश्यक आहे.

उपचारासाठी मोठी यंत्रणा लागतेच असे नाही. पाकिस्तानातील रावळपिंडी जिल्ह्यात गावपातळीवरच्या महिला आरोग्य कार्यकर्त्यांनीच संवादाधारित उपचार दिले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उपचार मिळालेल्या मातांत सहा महिन्यांनी २३ टक्के, तर इतरांत ५३ टक्के नैराश्य उरले होते. पुढे गोव्यात 'संगत' संस्थेने हीच पद्धत समवयस्क स्त्रियांमार्फत वापरली. कोल्हापुरात आशांचे जाळे तयार आहे. मात्र अपुऱ्या मोबदल्यासाठी वारंवार रस्त्यावर उतरावे लागणाऱ्या या स्त्रियांच्या वहीत आणखी एक फुकटचा रकाना वाढवून हे काम होणार नाही. शिवाय लक्षण ओळखल्यानंतर पाठवायचे कोठे? शहरात सीपीआरचा मानसोपचार विभाग आहे. चंदगडच्या बाळंतिणीला तो शंभर किलोमीटरहून दूर आहे.

हजारात एक-दोन मातांना पहिल्या काही आठवड्यांत तीव्र मनोविकृती होते. भास होतात, झोप उडते, बाळाविषयी भलत्याच कल्पना येतात. ही तातडीची वैद्यकीय अवस्था असताना अनेकदा 'बाहेरची बाधा' म्हणून अंगाऱ्यावर दिवस दवडले जातात. आई आणि बाळाला एकत्र दाखल करून घेणारा कक्ष बंगळुरूच्या निम्हान्समध्ये २००९ पासून आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालील मूल, त्याला धोका नसेल तर, सहसा वेगळे करू नये असे म्हटले आहे. कायदा झाला, खाटा कोठे आहेत?

राजारामपुरी वा ताराबाई पार्कातील सुशिक्षित कुटुंबांनी हा प्रश्न खेड्यातला समजू नये. खासगी रुग्णालयात बाळंत झालेल्या स्त्रीकडे आशा बहुधा जातच नाही. सहा आठवड्यांनी तपासणी होते ती टाके आणि गर्भनिरोधनाची. मानसोपचाराच्या गोळ्या म्हणजे स्तनपान बंद, या समजुतीने अनेक घरे डॉक्टरांकडेच जात नाहीत. वस्तुतः स्तनपान चालू असताना घेता येतील अशी औषधे डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपलब्ध आहेत. केंद्र शासनाच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून सुरू आहे. याखेरीज एक डॉक्टर असा असतो, ज्याच्याकडे ही आई न चुकता जाते. बाळाला सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात लस टोचणारा बालरोगतज्ज्ञ. त्याच्या प्रतीक्षागृहात घालवलेल्या अर्ध्या तासात त्या दहा प्रश्नांचा कागद सहज भरून होईल.