मनुष्यबळातला मनुष्य कुठे आहे?

स्वारगेटच्या एस.टी. स्थानकाला पहाटे चारलाही जाग असते. साताऱ्याच्या, कोल्हापूरच्या, सोलापूरच्या गाड्या लागतात. सप्टेंबर २०२४ पासून तर जमिनीखालून मेट्रोही धावते. या गर्दीच्या पोटाची सोय आजूबाजूची हॉटेले करतात. गल्ल्यावर मालक, भट्टीवर वस्ताद, टेबलावर फडका मारणारा पोरगा आणि मागे मोरीवर खरकटी भांडी घासणारी मावशी. प्रवासी चहा पिऊन निघून जातो. मोरीवरची मावशी त्याला दिसत नाही.

हॉटेल मॅनेजमेंटच्या वर्गात ‘व्यूहात्मक मनुष्यबळ व्यवस्थापन’ हा विषय शिकवतात. धंद्याचे धोरण ठरवायचे आणि त्याप्रमाणे माणसे निवडायची, घडवायची, टिकवायची, असा त्याचा अर्थ. हॉटेलात विकली जाते ती सेवा आणि सेवा देतो तो माणूस. म्हणून माणूस हेच खरे भांडवल, असे हे शास्त्र सांगते. विचार उत्तम आहे. पण प्रत्यक्षात ‘बळ’ तेवढे वापरले जाते. ‘मनुष्य’ हजेरीपटावरही नसतो.

माणसे निवडायची म्हणजे काय होते? लहान हॉटेलात भरती जाहिरातीने होत नाही, ओळखीने होते. ओळख म्हणजे गाव, नातेगोते आणि शेवटी जात. मोठ्या तारांकित हॉटेलात चकचकीत गणवेश असतो, पण साफसफाईचे काम ठेकेदाराकडे जाते. तिथे झाडू कोणाच्या हाती असतो, हे वाचकांना सांगायला नको. जात म्हणजे कामाची नव्हे तर कामकऱ्यांची उतरंड, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले होते.

आपल्या महाराष्ट्राने वेगळे धोरणही पाहिले आहे. पाण्याला शिवल्यावरून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढून दिले आणि स्वतः तिथे जाऊन चहा घेतला. अस्पृश्य माणूस हॉटेलचा मालक होऊ शकतो, हे एका राजाने कृतीने सिद्ध केले. आजच्या कोणत्या व्यवस्थापन संस्थेत हा धडा शिकवतात?

संविधानाच्या कलम १५(२) ने हॉटेलचे दार गिऱ्हाईक म्हणून आपल्याला उघडले. नोकरीतले आरक्षण मात्र सरकारी सेवेपुरते राहिले. सरकारी मालकीची हॉटेले होती तेव्हा तिथे आरक्षण होते. २००१-०२ च्या निर्गुंतवणुकीत मुंबईची दोन्ही सेंटॉर हॉटेले विकली गेली आणि तो दरवाजाही बंद झाला. अस्पृश्यतेवरून नोकरीत आडकाठी करणे १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पण नोकरी नाकारताना खरे कारण लिहून कोण देतो?

आता कामगार कायद्याचे पाहा. १९४८ च्या मुंबई दुकाने व संस्था अधिनियमात निवासी हॉटेले व उपाहारगृहांसाठी स्वतंत्र प्रकरण होते. नोकर दोन की दोनशे, हा प्रश्न तिथे नव्हता. २०१७ च्या नव्या कायद्याने दहा कामगारांची अट आणली. त्याखालच्या मालकाने केवळ सूचना दिली की पुरे. २०२५ मध्ये राज्य सरकारने अध्यादेश काढून ही अट वीसवर नेली आणि रोजचे तास नऊचे दहा केले. स्वारगेटच्या आसपास किती हॉटेलांत वीस माणसे आहेत, ते मोजून पाहावे. म्हणजे ज्याला संरक्षणाची सर्वात जास्त गरज, तोच कायद्याच्या बाहेर! १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी कामाचे तास कमी करण्यासाठी झगडा केला. त्यांच्याच महाराष्ट्रात तास वाढतात आणि आपण गप्प बसतो, हे शोभणारे नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या. किमान वेतनाचा हक्क आता प्रत्येक कामगाराला आहे, ही जमेची बाजू. पण नेमणूकपत्राची सक्ती ज्या संहितेत आहे, ती मुख्यतः दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होते. नऊ माणसांच्या हॉटेलातून एखाद्याला रात्रीतून हाकलले, तर आपण तिथे कामाला होतो हे तो न्यायालयात कशाने सिद्ध करणार? वकिलाच्या हाती कागद नसेल तर सत्यही लंगडे पडते.

‘माणसे टिकत नाहीत’ अशी हॉटेलमालकांची ओरड असते. कशी टिकतील? साप्ताहिक सुट्टी, वेळेवर पगार, जादा कामाचा दुप्पट मोबदला आणि माणसासारखी हाक एवढे द्या, टिकतील. यासाठी परदेशी व्यूहनीती नको, साधी न्यायबुद्धी पुरे.

आणि आपले काय? आपल्या वस्त्यांतील विहारांत रविवारी वंदना होते. त्यानंतर तासभर हॉटेल कामगारांसाठी कायदा मार्गदर्शन सुरू करणे अवघड नाही. ओळखपत्र मागा, पगार बँकेत मागा, कामाचे दिवस व तास वहीत लिहून ठेवा. वीसची अट रद्द करा, ही मागणी घेऊन कामगार उपायुक्तांच्या दारात संघटितपणे उभे राहा. जयंतीच्या मिरवणुकीत हजारो जमतात. त्यातले शंभर जरी मोरीवरच्या मावशीसाठी उभे राहिले, तरी बाबासाहेबांना ते खरे अभिवादन ठरेल.

जय भीम!