ठराव आहे, मत नाही

विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी २२ जागा स्थानिक स्वराज्य संस्थांच्या. अकोला-बुलढाणा-वाशीम ही त्यांतलीच एक. २०२१ साली तेथे निवडणूक झाली, तेव्हा नगरसेवकांनी, जिल्हा परिषद सदस्यांनी आणि पंचायत समित्यांच्या सभापतींनी मतदान केले. रिसोड तालुक्यातील रिठदच्या ग्रामपंचायत सदस्याला त्यात स्थान नव्हते. लोकशाहीची पहिली पायरी म्हणून जिचे गोडवे गायचे, तिलाच मतपेटीपासून दूर ठेवायचे, असा हा न्याय! शेजारच्या कर्नाटकात ग्रामपंचायत सदस्य मतदान करतात.

याचे फळ काय, ते त्याच वर्षी दिसले. पथदिव्यांची वीजबिले पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून भरा, असे शासनाने ग्रामपंचायतींना फर्मावले. त्या निधीचा साठ टक्के हिस्सा पाणी व स्वच्छतेला बांधलेला; बिलांचा बोजा पडला तो उरलेल्या चाळीस टक्क्यांवर. सरपंचांनी निषेध केला, पण सभागृहात त्यांच्या मताचे भय कोणाला असणार?

एकट्या गावाचा ठराव फायलीत सहज मुरतो. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात मात्र अनेक संस्थांच्या संयुक्त समितीची तरतूद आहे. रिठद व आसपासच्या पंचायतींनी ती वापरून वीजबिल आणि मताधिकार या दोनच मागण्या नागपूर अधिवेशनापूर्वी आपल्या आमदारांपुढे ठेवाव्यात. मताधिकारासाठी १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याची चौथी अनुसूची संसदेने बदलावी लागेल. तशी शिफारस विधिमंडळाकडून मिळवणे हे या समितीचे पहिले काम. पक्षाच्या तालुका शाखांनी ठरावाचा मसुदा गावोगाव पोहोचवावा.